प्रत्येक पानाला एक राखणदार

कार्यालय आणि संगणक : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत पाच जणांनी इंट्रानेटबद्दल विचारलं आहे. इंट्रानेट म्हणजे कंपनीच्या आत, फक्त तिथल्या माणसांसाठी चालणारं संकेतस्थळ. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात मी २६ वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी याच कामात गेली. म्हणून आज बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ठेवून हा एकच विषय घेते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकेजिंग कारखान्यात संगणकाचं सगळं सांभाळतो. विभागात मी एकटाच. तिन्ही शिफ्ट मिळून १४० माणसं आहेत. मालकांनी सांगितलं आहे की तीन महिन्यांत आपलं इंट्रानेट उभं राहिलं पाहिजे. पहिल्या पानावर त्यांचा संदेश, कंपनीचा इतिहास, कार्यक्रमांचे फोटो आणि बातम्या असं त्यांना हवं आहे. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ आणि सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कुंडई)

उत्तर : भाऊ, सॉफ्टवेअरचं सगळ्यात शेवटी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. आज एवढंच करा : तुमच्या टेबलावर, टाइम ऑफिसात आणि टेलिफोन बोर्डापाशी एकेक वही ठेवा. पुढचे पंधरा दिवस जो कोणी काही विचारायला येईल किंवा फोन करील, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचा. 'एचआरविषयक चौकशी' असं लिहू नका. 'माझ्या किती रजा उरल्या?' असं लिहा.

हे मी एवढ्या आग्रहानं सांगते, कारण आमच्याकडे हे आधी केलं गेलं नाही. २००३ साली आमचं पहिलं इंट्रानेट झालं, तेव्हा तुमच्या मालकांना हवं आहे तसंच ते होतं. अध्यक्षांचा संदेश, कारखान्याचा हवाई फोटो, इतिहास, गुणवत्ता धोरण. सहा महिने मी त्यावर मेहनत घेतली. चवथीची (गणेश चतुर्थीची) सुटी संपवून परत आले आणि नोंदी तपासल्या, तर महिनाभरात ते पान जितक्या वेळा उघडलं गेलं होतं त्यातल्या बहुतेक वेळा ते आमच्याच विभागातल्या दोन संगणकांवरून. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात बोर्डावर बसणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकारी मला म्हणाल्या, "बाय, दीसभर लोक म्हाका एकूच विचारतात, अमक्याचो नंबर कितलो? तो घाल गो तुज्या कंप्युटराचेर."

मी घातला. एका पानावर सगळे एक्स्टेन्शन नंबर : नावानं शोधा, विभागानं शोधा किंवा 'वजनकाटा', 'दवाखाना', 'मागचं गेट' असं कामानं शोधा. दुसऱ्या पानावर कंपनीच्या बसगाड्या : साखळीची कुठून किती वाजता सुटते, सावर्ड्याची रात्रपाळीनंतर कुठे थांबते. तिसऱ्यावर कॅन्टीन : आज शिवराक (शाकाहारी) आहे की नुस्ते (मासे). महिनाभरात लोक आपणहून ते उघडायला लागले आणि एकदा उघडलं की बाजूचंही वाचायला लागले.

पुढे वाचताना कळलं की खुद्द वेबचंही असंच झालं होतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जो प्रस्ताव मांडला, त्याचं दुखणं संस्थेच्या आतलंच होतं. माणसं दोनेक वर्षांसाठी येतात, काम करतात, निघून जातात आणि कुठं काय आहे ही माहिती त्यांच्याबरोबर जाते. त्यावर उपाय म्हणून वेब निघालं. आणि तिथल्या लोकांना ते उघडायची सवय लावली ती टेलिफोन डिरेक्टरीनं. जगातल्या इतक्या हुशार माणसांनाही आधी फोन नंबरच हवा होता, हे वाचून मला आमच्या बोर्डावरच्या त्या सहकारी आठवल्या.

तर पंधरा दिवसांनी तिन्ही वह्या घेऊन बसा. सारखे प्रश्न एकत्र करा. वीस-पंचवीस प्रश्न पुन्हापुन्हा आलेले दिसतील. तेच तुमचं पहिलं इंट्रानेट. शंभर पानांची गरज नाही.

आता ही पानं मांडायची कशी? इथे बहुतेक जण कंपनीचा तक्ता समोर ठेवतात : एचआर, अकाउंट्स, स्टोअर, प्रॉडक्शन. माझा सल्ला : तसं करू नका. प्रत्येक विषयाची एक चिठ्ठी करा आणि जेवणाच्या सुटीत पाच वेगवेगळ्या माणसांना, एकेकाला वेगळं बसवून, त्यांचे गठ्ठे करायला सांगा. ही रीत जुनी आहे, जगभर वापरतात. आम्ही साठ चिठ्ठ्या केल्या होत्या. बसले कोण, तर एक लोडर, प्रयोगशाळेतल्या एक केमिस्ट, स्टोअरकीपर, एक ड्रायव्हर आणि टाइम ऑफिसातला कारकून. आमच्या तक्त्याप्रमाणे गणवेश एचआरकडे, सेफ्टी बूट स्टोअरकडे आणि ओळखपत्र सिक्युरिटीकडे होतं. पाचांपैकी चौघांनी या तिन्ही चिठ्ठ्या एकाच गठ्ठ्यात टाकल्या. लोडरनं त्या गठ्ठ्याला नाव दिलं, 'कंपनीकडून मिळतं ते'. आमच्या मेनूत पुढे अनेक वर्षं हेच नाव होतं आणि कुणालाही ते समजावून सांगावं लागलं नाही. कुठली गोष्ट कुठल्या खात्याची, हे कामगारानं का लक्षात ठेवायचं?

पानावर लिहिण्याचंही तसंच. परिपत्रक जसंच्या तसं चिकटवू नका. 'विषय : गणेश चतुर्थीनिमित्त रजा मंजुरीची कार्यपद्धती' अशा मथळ्याखाली कुणाला काही सापडत नाही. आपल्याकडे चवथीला सगळा गोवा घरी असतो, तेव्हा जुलैपासून प्रत्येकाला एकच प्रश्न असतो : चवथीची रजा कधीपर्यंत मागायची आणि कुणाकडे. तोच मथळा करा, पहिल्या ओळीत तारीख आणि माणूस द्या, नियम खाली येऊ द्या. मूळ सहीचं परिपत्रक शेवटी जोडा, म्हणजे वाद झाला तर ते आहे.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो प्रश्न येणारच. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणी ही राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीलाही जागा आहे. कारखान्यात मात्र कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्याच भाषा कानावर पडतात. आम्ही आधी मराठीची वेगळी साइट आणि इंग्रजीची वेगळी साइट केली. वर्षभरात दोन्हींत वेगवेगळे नियम दिसू लागले, कारण बदल करणारा एकीकडे बदलायचा आणि दुसरीकडे राहून जायचं. मग दोन्ही भाषा एकाच पानावर, वर-खाली घेतल्या. पान लांब झालं, पण बदल करताना दुसरा भाग डोळ्यांसमोरच असल्यानं चुकेना. सुरक्षेची पानं तरी प्रत्यक्ष मशिनवर उभा राहणारा माणूस जी भाषा वाचतो तिच्यातच हवीत.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या वीस पानांपैकी प्रत्येकावर खाली दोन ओळी पाहिजेत : हे पान कोण सांभाळतं, आणि ते बरोबर असल्याचं त्यानं शेवटचं कधी तपासलं. आम्ही त्या माणसाला राखणदार म्हणायचो. आपल्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार असतो, त्याला नारळ ठेवल्याशिवाय आपण काही सुरू करत नाही, त्यामुळे तो शब्द कुणाला समजावून द्यावा लागला नाही. राखणदार त्याच खात्यातला हवा, संगणक विभागातला नव्हे. बसचं पान वाहतूकवाल्यांचं, रजेचं पान टाइम ऑफिसचं. आणि राखणदाराचं पद लिहा तसं नावही लिहा. 'एचआर विभाग' असं लिहिलं की कुणीच ते पान पाहत नाही.

याची किंमत मी पाहिली आहे. २००६ च्या पावसाळ्यात, रात्रपाळीला, आमच्याकडे एका मुलाचा हात कन्व्हेयरमध्ये सापडला. तेव्हा गोव्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा नव्हती, ती २००८ मध्ये आली. कंपनीची गाडी गेटवर उभी असायची. सुपरवायझरनं इंट्रानेटवरचं 'तातडीचे नंबर' हे पान उघडलं आणि गेटचा नंबर फिरवला. तो नंबर गेट हलवल्यावर दोन महिन्यांपूर्वीच बदलला होता. घंटा रिकाम्या खोलीत वाजत राहिली. शेवटी एक जण पावसातून धावत गेटवर गेला. आठ मिनिटं गेली. त्या मुलाची दोन बोटं वाचली नाहीत. आठ मिनिटांनी फरक पडला असता की नाही हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण ते पान मी तयार केलेलं होतं. दिसायला सुबक होतं, लाल अक्षरांत होतं, आणि चूक होतं. लोक कागदावरच्या जुन्या नंबराची शहानिशा करतात, पडद्यावर दिसलेल्यावर मात्र विश्वास ठेवतात. म्हणून चुकीचं पान असण्यापेक्षा पान नसलेलं बरं.

त्यानंतर आम्ही नियम केला. तातडीचं पान दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी राखणदारानं प्रत्येक नंबर स्वतः फिरवून तपासायचा. बाकीची पानं सहा महिन्यांनी. तारीख उलटली की पानावर आपोआप पिवळी पट्टी यायची, 'हे पान तपासलेलं नाही'. आणखी महिना गेला की पान बंद. यावरून मोठ्या साहेबांशी माझे खटके उडाले, पण मी हटले नाही. भाऊ, तुम्ही एकटे आहात. १४० माणसांची माहिती एकट्यानं ताजी ठेवता येणार नाही. तीन महिन्यांतला एक पूर्ण महिना राखणदार मिळवण्यात घालवा आणि मालकांकडून त्यांना तसं लेखी काम द्यायला लावा. मालकांना तुमच्या इंट्रानेटमध्ये खरोखर करण्यासारखं काही असेल तर हेच. त्यांचा संदेश, इतिहास, फोटो 'आपली कंपनी' या पानावर जरूर घ्या, नव्या माणसाला ते वाचायला आवडतं. पण पहिल्या पानावर वर शोधायची चौकट आणि खाली वहीतले दहा प्रश्न. त्यांना पटवायला वह्याच घेऊन जा. कामगारांच्या शब्दांतले प्रश्न वाचले की मालक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आता सॉफ्टवेअर. आधी पाहा, कंपनी कशाचे पैसे आधीच भरते आहे. मायक्रोसॉफ्टची ऑफिसवाली वर्गणी असेल तर तिच्यातल्या बऱ्याच योजनांत शेअरपॉइंट हे इंट्रानेट उभारायचं साधन येतं, तेच वापरा. नसेल तर तुमच्याएवढ्या कारखान्याला मी डोकुविकी सुचवीन. हे विकी, म्हणजे अनेकांनी मिळून पानं लिहायचं सॉफ्टवेअर. २००४ पासूनचं आहे, फुकट आहे, त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं, जुन्या आवृत्त्या राहतात, कुणी काय बदललं ते दिसतं. उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर मागे येणाऱ्याला त्या फाइली कुठल्याही संगणकावर वाचता येतील, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वाचण्यासाठी पासवर्ड ठेवू नका. कारखान्याच्या नेटवर्कवर आहे तेवढं पुरे. लिहिण्यासाठी मात्र हवा, आणि तो संगणक उघडायचाच असावा. आणखी एक पासवर्ड दिलात की राखणदार पानाकडे फिरकणार नाही. पत्ता छोटा आणि तोंडात बसणारा असू द्या. कंपनीचं स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव) असेल तर त्याच्या पोटात एक नाव घ्या, म्हणजे पत्त्याशेजारी कुलूप दाखवणारं सुरक्षित प्रमाणपत्रही रीतसर मिळतं. फक्त आतल्या वापरासाठी 'डॉट इंटर्नल' हा शेपटा २०२४ मध्ये जागतिक पातळीवर राखून ठेवला गेला आहे, पण त्याला बाहेरून प्रमाणपत्र मिळत नाही.

तुमच्या १४० जणांत टेबलावर संगणक असलेले किती? माझा अंदाज, तीसही नसतील. बाकीच्यांसाठी टाइम ऑफिसच्या बाहेर, पंचिंग मशिनच्या बाजूला एक पडदा लावा. पावसात ओले हात घेऊन माणसं येतात, तेव्हा साधा कीबोर्ड टिकत नाही. टचस्क्रीन घ्या आणि बटणं मोठी ठेवा. कॅन्टीनच्या वायफायवर फोनमध्येही उघडू द्या, पण ते वायफाय कंपनीच्या बाकीच्या यंत्रणेपासून वेगळं हवं.

सुरू करण्याआधी पुन्हा पाच माणसं बोलवा. 'सावर्ड्याला रात्री सव्वाअकराला बस आहे का ते शोधा' असं एक काम द्या आणि मागे उभं राहून गप्प पाहा. मदत करू नका. तो जिथे अडतो ते लिहून घ्या. आणि सुरू झाल्यावर दर शनिवारी एकच यादी पाहा : लोकांनी कोणते शब्द शोधले आणि काही सापडलं नाही. पुढचं पान कोणतं करायचं ते ती यादी सांगते. किती जणांनी किती वेळा उघडलं हा आकडा मालकांना दाखवायला ठेवा, पण त्यावरून काम ठरवू नका.

प्रश्न : आमची पतसंस्था आहे. पेडणे आणि बार्देश मिळून सहा शाखा. गेल्या अठरा वर्षांची परिपत्रकं मराठीत आहेत, काही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, काही स्कॅन केलेली. सगळी आमच्या इंट्रानेटवर चढवली. पण शोधलं तर काहीच सापडत नाही, 'तारण' शोधलं तरी शून्य. शाखांतली लाइनही पावसात सारखी जाते. काय करावं? (एक भगिनी, म्हापसा)

उत्तर : ताई, तुमचा शोध बिघडलेला नाही. जुन्या श्री-लिपी, कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच. तिथे रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं रूप चढवतो. तुम्हाला 'तारण' दिसतं, संगणकाला भलतंच काही दिसतं. युनिकोड या जगभर चालणाऱ्या संकेतपद्धतीत देवनागरीला स्वतःचे संकेत आहेत, अगदी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून. तेव्हा जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. त्यासाठी परिवर्तकं मिळतात. मात्र त्यातून निघालेलं डोळ्यांत तेल घालून तपासा : रफार, ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षरं आणि विशेषतः आकडे. पतसंस्थेच्या परिपत्रकात व्याजदराचा एक आकडा बदलला तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

स्कॅन केलेली पानं म्हणजे फोटो. त्यातली अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मराठीही आहे. चांगल्या छापील पानावर ठीक काम करतं. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर, शिक्क्याखालच्या मजकुरावर अडखळतं. पण अठरा वर्षांचं सगळं करू नका. आज कोणती परिपत्रकं लागू आहेत त्यांची यादी संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या. माझा अंदाज आहे की ती चाळीसच्या आत येईल. तेवढी नव्यानं टाइप करा. बाकीची 'जुनी' अशा वेगळ्या कप्प्यात, शोधात न येणारी ठेवा. नाहीतर शाखेतल्या नव्या कारकुनाला २०११ चा नियम आधी सापडेल आणि तो तोच लावील.

युनिकोड झाल्यावरही मराठीची एक अडचण राहते, जिच्याबद्दल इंग्रजी पुस्तकं काही सांगत नाहीत. आपला शब्द वाक्यात रूप बदलतो. 'पगार' शोधलं तर 'पगाराची' सापडू शकतं, कारण सुरुवात तीच आहे. पण 'रजा' शोधणाऱ्याला 'रजेचा अर्ज' सापडत नाही, 'खाते'वाल्याला 'खात्यावरील' सापडत नाही, 'ठेव'वाल्याला 'ठेवी' मिळाली तर नशीब. वर 'सुटी' आणि 'सुट्टी', 'कर्ज' आणि 'लोन', 'खाते' आणि 'खातं'. यावर मी वर्षानुवर्षं एकच साधा उपाय केला. प्रत्येक पानाच्या तळाशी 'शोधशब्द' अशी एक ओळ ठेवायची आणि लोक जे जे लिहितील ते सगळं तिथे लिहायचं : रजा, रजेचा, सुटी, सुट्टी, लीव्ह. शब्द मूळ रूपात, शुद्ध-अशुद्ध दोन्ही, कोंकणीतला असेल तर तोही. शोधून न सापडलेल्या शब्दांची यादी मी वर सांगितली, तिच्यातूनच ही ओळ भरत जाते. दिसायला ती काही खास नाही, पण माझ्या सगळ्या कामात लोकांना सर्वांत जास्त उपयोग या ओळीचाच झाला असं मी मानते.

शाखांसाठी : मुख्य कार्यालयातला सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकू नका, कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी. शाखा व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणाऱ्या खासगी, बंदिस्त मार्गानं जोडा; वायरगार्ड हे त्यासाठी हलकं आणि फुकट साधन आहे, २०२० पासून लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातच आहे. लाइन जाते त्यावर उपाय म्हणून प्रत्येक शाखेत मोबाइल सिमचा दुसरा मार्ग ठेवा. आणि ती चाळीस परिपत्रकं रोज रात्री प्रत्येक शाखेच्या एका संगणकावर उतरतील अशी सोय करा. मजकूर थोडा असला की हे जमतं, निवड आधी करायची ती यासाठीही. खातेदारांची माहिती मात्र इंट्रानेटवर अजिबात नको. तिच्यासाठी तुमची बँकिंगची प्रणाली आहे.

प्रश्न : कळंगुटच्या एका हॉटेलात मी हाउसकीपिंग पाहतो. आमचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालतं. मालक म्हणतात, इंट्रानेट कशाला? मलाही कळत नाही. (एक वाचक, बार्देश)

उत्तर : आजचं काम व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू द्या. '२०४ रिकामी झाली', 'लिनेनची गाडी आली' हे निरोप संध्याकाळी शिळे होतात, त्यांना पान नको. पण खोली लावायची कशी, कुठला डाग कशानं निघतो, पाहुण्याचं सामान राहिलं तर कुणाकडे द्यायचं, हे दर ऑक्टोबरला हंगामासाठी नवी मुलं आली की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगता ना? तेवढंच लिहून ठेवा. दहा-बारा पानं होतील. मजकूर कमी, फोटो जास्त, कारण मुलं चार राज्यांतून येतात. लिनेनच्या खोलीच्या दारावर आणि ट्रॉलीवर क्यूआर कोड चिकटवा, फोन धरला की त्या त्या कामाचं पान उघडेल. एकच सांभाळा : पानाचा पत्ता पुन्हा बदलू नका, नाहीतर चिकटवलेले सगळे कोड निकामी होतील. आणि हे लिहून ठेवलं नाही तर उद्या तुम्ही दुसऱ्या हॉटेलात गेलात की हे सगळं तुमच्या फोनबरोबर जाणार, हे मालकांना सांगून पाहा.

प्रश्न : आमच्या कंपनीनं इंट्रानेटवर सगळ्यांचे फोटो, वाढदिवस आणि स्वतःचे मोबाइल नंबर टाकले. तेव्हापासून मला रात्री-बेरात्री मेसेज येतात. तक्रार केली तर 'सगळ्यांचेच आहेत' असं उत्तर मिळालं. मी चुकते आहे का? (नाव न देण्याची विनंती)

उत्तर : बाय, तू मुळीच चुकत नाहीस. तुझं पत्र वाचून मला राग आला, आणि आपल्या क्षेत्रातल्या लोकांचा जास्त आला, कारण हे टाळणं अगदी हातातलं होतं. डिरेक्टरीत एक्स्टेन्शन असावं, कंपनीनं दिलेला फोन असेल तर त्याचा नंबर असावा. स्वतःचा मोबाइल आणि जन्मतारीख ज्यानं त्यानं आपण होऊन 'दाखवा' म्हटलं तरच. संसदेनं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला आहे. नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती मालकाला वापरता येते, पण तुझा खासगी नंबर सगळ्या कंपनीसमोर मांडणं हे कुठल्या कामासाठी लागतं, असं लेखी विचार. नंबर काढून टाकायची मागणीही लेखी कर आणि प्रत जवळ ठेव.

मेसेजचं वेगळं. ते जपून ठेव, पुसू नकोस. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, अंतर्गत समिती असावी लागते आणि ती स्थापन केल्याचा आदेश सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. नकोसे, लैंगिक रोखाचे मेसेज असतील तर त्या समितीकडे लेखी तक्रार कर. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांची मुदत असते, तेव्हा थांबू नकोस.

जे वाचक इंट्रानेट सांभाळतात त्यांना : या समितीच्या सदस्यांची नावं आणि तक्रार कशी करायची ते पहिल्या पानावर, एका क्लिकच्या अंतरावर असू द्या, आणि हे पान कुणी उघडलं त्याची नोंद ठेवू नका. नोंद होते असा नुसता संशय आला तरी कुणी ते उघडणार नाही.

प्रश्न : वाळपईला आमचं काजूचं छोटं युनिट आहे. जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून वापरला तर चालेल का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : चालेल. आठ जीबी मेमरी आणि नवी एसएसडी (वेगवान डिस्क) घाला, बाकी तोच राहू द्या. पण पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते आणि विजा पडतात, म्हणून यूपीएस हवाच, आणि टेलिफोनची किंवा केबलची तार जिथून आत येते तिथेही विजेपासून संरक्षण हवं. मी पाहिलेले निम्मे बिघाड त्या वाटेनं आले होते. संगणक खिडकीपाशी किंवा जमिनीवर ठेवू नका, ओल लागते. माहितीच्या तीन प्रती असू द्या, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक युनिटच्या बाहेर. घरी कपाटात ठेवलेली हार्ड डिस्कही चालते, फक्त तिच्यावरची प्रत दर आठवड्याला खरंच ताजी करा. आणि मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, एका दुसऱ्या संगणकावर त्या प्रतीवरून सगळं परत उभं करून पाहा. उभं राहिलं नाही तर दुरुस्तीला तुमच्या हातात काही दिवस तरी असतील.